वाईत दोन दिवसांचा माहितीपट-लघुपट महोत्सव भरवायचा आहे : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. वाई परिसरातील आम्ही अकरा जण येत्या जानेवारीत दोन दिवसांचा माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव भरवण्याच्या विचारात आहोत. आमच्यात दोन शिक्षक, एक छायाचित्रकार, एक औषधविक्रेते, ग्रंथालयात काम करणाऱ्या एक ताई आणि बाकीचे महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. मेणवलीच्या घाटावर आणि आमच्या गल्ल्यांत गेली कित्येक वर्षे हिंदी-मराठी चित्रपटांची चित्रीकरणे होत आली आहेत. गर्दीच्या दृश्यांत उभे राहण्यासाठी आमच्या गावच्या माणसांना बोलावले जाते, परंतु याच माणसांच्या जगण्याविषयी कोणी काही चित्रित केले असेल, तर ते गावात पाहायला मिळत नाही. धोम धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या, ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांच्या आणि पाचगणीच्या हॉटेलांत राबणाऱ्या मुलांच्या गोष्टी इथल्या लोकांनी एकत्र बसून पाहाव्यात, ही मूळ इच्छा आहे.

सध्याचा आराखडा असा आहे. सुमारे अडीचशे माणसे बसतील असे मंगल कार्यालय ठरवले आहे. रोज सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 4 ते रात्री 8 असे खेळ असतील. देशभरातून प्रवेशिका मागवून साधारण चाळीस चित्रपट दाखवायचे, प्रत्येक प्रवेशिकेला 500 रुपये शुल्क घ्यायचे आणि 25 हजार, 15 हजार व 10 हजार रुपये अशी तीन पारितोषिके द्यायची. एका बांधकाम व्यावसायिकाने पूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे, मात्र महोत्सवाला आपले नाव असावे अशी त्यांची अट आहे. यात काय चुकते आहे आणि काय राहून गेले आहे, ते कृपया मोकळेपणाने सांगावे.

संकलिका
उपक्रम मनापासून आवडला, म्हणून आराखड्यातील जी बाब मला सर्वांत अधिक खटकली तिथूनच सुरुवात करते. रोजचे सात तास धरले तर दोन दिवसांचे चौदा तास, म्हणजे 840 मिनिटे होतात. चाळीस चित्रपट सरासरी वीस मिनिटांचे धरले तरी 800 मिनिटे पडद्यावरच जातील. उरलेल्या चाळीस मिनिटांत उद्घाटन, सत्कार, दोन चित्रपटांमधला वेळ आणि तांत्रिक अडचणी बसवायच्या आहेत. ज्याच्या जमिनीवर पाणी आले तो माणूस प्रेक्षकांत बसलेला असेल आणि चित्रपट संपल्यावर त्याला उठून बोलावेसे वाटले, तर त्याला तुम्ही कोणती मिनिटे देणार?

पन्नासेक मिनिटांचे चार माहितीपट आणि पंधरा मिनिटांचे दहा लघुपट निवडले, तर 350 मिनिटे लागतात. उरलेली 490 मिनिटे बोलण्यासाठी, चहासाठी आणि जे पाहिले ते मनात मुरण्यासाठी मिळतात. व्याख्यानमालेत वक्त्याचे बोलणे संपताच पुढचा वक्ता उभा केलेला आपल्याला चालत नाही, तेच इथेही लागू आहे.

दुसरा मुद्दा शुल्काचा. मी चौदा वर्षे माहितीपटांचे संकलन करते आहे आणि तीन लघुपट स्वतः केले आहेत. पहिल्या लघुपटाच्या वेळी माझी जवळजवळ एका महिन्याची मिळकत प्रवेशशुल्कांत गेली. त्यांपैकी एका महोत्सवाने चित्रपट निवडल्याचे प्रमाणपत्र पाठवले. मी स्वखर्चाने तिथे पोहोचले, तेव्हा माझ्या बावीस मिनिटांच्या लघुपटातील पहिली सहा मिनिटे दाखवून पुढचा चित्रपट लावला गेला, कारण मान्यवरांच्या भाषणांमुळे कार्यक्रमाला उशीर झाला होता. ज्या तरुणाने उधार कॅमेऱ्यावर चित्रपट केला आहे, त्याच्याकडून पैसे घेऊन दुसऱ्याला पारितोषिक देणे मला योग्य वाटत नाही.

पडद्यामागचा
तांत्रिक बाजूविषयी सविस्तर लिहितो, कारण गावोगावच्या महोत्सवांत सर्वांत अधिक हानी इथेच होते आणि ती टाळणे सर्वांत स्वस्त असते.

मंगल कार्यालये लग्नांसाठी बांधलेली असतात. त्यांना मोठ्या खिडक्या असतात, भिंती गुळगुळीत असतात आणि फरशी चकचकीत असते. सकाळच्या खेळाला खिडक्यांतून उजेड आला, तर कितीही चांगला प्रोजेक्टर आणा, काळा रंग राखाडी दिसेल आणि रात्रीच्या दृश्यांत काहीही कळणार नाही. म्हणून भाड्याच्या यादीत प्रोजेक्टरच्याही आधी खिडक्यांचे काळे पडदे लिहा. बारा फूट रुंदीच्या पडद्यासाठी किमान 5,000 लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) प्रोजेक्टर मागा. सादरीकरणासाठी कार्यालयांत असतो तो छोटा प्रोजेक्टर अशा सभागृहात पुरत नाही.

आवाजाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. अशा सभागृहात शब्द घुमतात आणि माहितीपटात तर शब्दच महत्त्वाचे असतात. एखादी आजी तोंडातल्या तोंडात बोलत असते आणि तिचे बोलणे कळले नाही, तर चित्रपट दाखवून उपयोग नाही. लग्नातले दोन प्रचंड स्पीकर व्यासपीठावर ठेवून आवाज वाढवला की घुमणे आणखी वाढते. त्याऐवजी लहान स्पीकर दोन्ही भिंतींलगत, प्रेक्षकांच्या जवळ ठेवून आवाज मध्यम राखावा, खाली सतरंज्या अंथराव्यात आणि बाजूच्या भिंतींवर जाड पडदे सोडावेत. रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी अंतिम मानू नये, कारण माणसे बसल्यावर आवाज बदलतो.

फाइल मागवताना 1080 रिझोल्यूशनची एमपी-4 फाइल मागा. सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये न घेता चित्रातच पक्की बसवलेली मागा, कारण देवनागरी सबटायटल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. प्रत्येक चित्रपट, ज्या संगणकावरून दाखवायचा आहे त्याच संगणकावर, पहिल्या चौकटीपासून (फ्रेमपासून) श्रेयनामावली संपेपर्यंत एकदा पूर्ण पाहा. एका महोत्सवात आम्ही फक्त सुरुवातीची दोन-दोन मिनिटे तपासली होती. एका माहितीपटात एकोणिसाव्या मिनिटापासून उजव्या बाजूचा आवाज नव्हता आणि मुलाखती नेमक्या त्याच बाजूला होत्या. ती दिग्दर्शिका मागच्या रांगेत उभी राहून सगळे पाहत होती. ती काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून अर्धवट चाचणी मी मान्य करत नाही. दुसऱ्या संगणकावर सगळ्या फाइलींची प्रत तयार ठेवा आणि दोन्ही संगणकांचे इंटरनेट बंद ठेवा, म्हणजे ऐन वेळी अद्ययावतीकरण सुरू होणार नाही. वीज जाण्याची तरतूदही करा. जनित्र असले तरी ते सुरू होईपर्यंत संगणक आणि प्रोजेक्टर तग धरतील असा यूपीएस लागतो.

जुना सभासद
मी चाळीस वर्षांहून अधिक काळ फिल्म सोसायटीच्या, म्हणजे सभासदांनी एकत्र येऊन चांगले चित्रपट पाहण्याच्या, चळवळीत आहे. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया 1959 साली स्थापन झाली आणि सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष होते. मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. या संस्था सभासदांच्या वर्गणीवर चालल्या. कोणी मोठा आश्रयदाता नव्हता, त्यामुळे कोणता चित्रपट दाखवावा हे सांगायला येणाराही कोणी नव्हता. आपल्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रस्तावाकडे याच दृष्टीने पाहावे असे मला वाटते. ते सज्जन असतील, याविषयी मी शंका घेत नाही. परंतु डोंगर फोडून उभ्या राहणाऱ्या बंगल्यांवरचा एखादा माहितीपट प्रवेशिकांत आला, तर निवड समितीच्या मनावर दडपण येईल, आणि ते कोणी टाकलेले नसतानाही येईल.

उत्तर प्रदेशात गोरखपूर येथे 2006 साली 'प्रतिरोध का सिनेमा' या नावाने महोत्सव सुरू झाला. बड्या कंपन्यांचे प्रायोजकत्व घ्यायचे नाही आणि प्रेक्षकांच्या लहान देणग्यांवर चालवायचे, असे त्यांनी ठरवले, आणि पुढे इतर गावांतही तसे महोत्सव झाले. वाईला तर हे शिकवण्याची गरजच नाही. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव एकेका आळीने आपापल्या घाटावर वर्गणी काढून, पंगती वाढून, आपसात कामे वाटून घेऊन करायचा, ही तुमच्याकडची रीतच आहे. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी यांना जे जमते, ते चित्रपटांसाठी का जमू नये? दोनशे घरांतून दोनशे रुपये मिळाले तर चाळीस हजार होतात, आणि वर्गणी दिलेला माणूस पाहायलाही येतो.

संहिता
जुना सभासद यांच्याशी तत्त्वतः सहमत आहे. परंतु पहिल्याच वर्षी सगळे वर्गणीवर निभेल असे गृहीत धरणे धोक्याचे वाटते. आमच्या गावात आम्ही तसाच निश्चय केला होता. वर्गणी अपेक्षेच्या निम्मी जमली आणि उरलेली रक्कम दोघांनी स्वतःच्या खिशातून भरली. दुसऱ्या वर्षी ते दोघे आलेच नाहीत आणि महोत्सवही झाला नाही. पाच-सहा लहान देणगीदार शोधावेत, प्रत्येकाची कमाल मर्यादा ठरवावी, सर्वांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीत, आणि निवडीत कोणाचाही हस्तक्षेप नसेल हे पैसे घेण्यापूर्वी लेखी कळवावे. महोत्सवाला कोणाचेही नाव देऊ नये, यावर मात्र माझे दुमत नाही.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. चाळीसचे चौदा चित्रपट करणे आमच्या आजच्या बैठकीत एकमताने मान्य झाले. प्रवेशशुल्क रद्द केले. प्रायोजकत्वावर अजून वाद सुरू आहे.

एक नवा प्रश्न पुढे आला आहे. आमच्यातील काहींना वाटते की 'माहितीपट' हा शब्द ऐकूनच लोक येणार नाहीत, म्हणून जाहिरातीत केवळ 'लघुपट महोत्सव' म्हणावे. आणि सेन्सॉरचे काय? प्रवेश विनामूल्य असेल तर प्रमाणपत्र लागत नाही, असे एकाने सांगितले. ते बरोबर आहे का?

अभिलेख
शब्दाविषयी आधी लिहितो. माहितीपटाविषयीचा कंटाळा लोकांच्या मनात का बसला, याला इतिहास आहे. फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या चित्रपटसंस्थेची स्थापना 1948 साली झाली आणि तिचे वृत्तपट व अनुबोधपट मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. त्या संस्थेत उत्तम कामही झाले, पण न मागता वाढलेले ताट म्हणून दोन-तीन पिढ्यांनी ते पाहिले आणि तेवढ्या वेळात बाहेर उभे राहून शेंगदाणे खाण्याची सवय लागली.

वास्तविक हा प्रकार आपल्याकडे कथापटाच्याही आधीचा आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली आणि 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनीही कथापटाकडे वळण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकटीचौकटीने टिपली होती. सातारा जिल्ह्यातील माणसाला 'पहिल्यांदा पडद्यावर आली ती कुस्ती' एवढे सांगितले तरी तो कान टवकारेल. शब्द लपवू नका, 'माहितीपट' असे ठळक लिहा आणि त्याखाली त्या चित्रपटात कोणत्या गावची, कोणती माणसे आहेत ते साध्या शब्दांत सांगा.

आता कायद्याविषयी. विनामूल्य असल्यास प्रमाणपत्र लागत नाही, हा समज चुकीचा आहे. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचा रोख सार्वजनिक प्रदर्शनावर आहे, तिकिटावर नाही. प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे असतील, तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागता येते. त्यासाठी महोत्सव अव्यावसायिक असावा लागतो, आयोजकांच्या पूर्वावलोकन समितीने चित्रपट पाहिलेले असावे लागतात, आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असावे लागतात. चित्रपटांची यादी व सारांश जोडून अर्ज करावा लागतो, म्हणून निवड वेळेवर संपवणे आवश्यक आहे. ज्या चित्रपटांना प्रमाणपत्र आहे त्यांचे वर्गीकरणही पाहा. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावेत अशा चित्रपटांच्या वर्गात) 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत आणि शाळेच्या मुलांसाठी खेळ ठेवणार असाल तर ते उपयोगी पडतील.

या विषयावर चित्रपटकर्त्यांनी मोठा संघर्ष केलेला आहे, हेही आयोजकांना ठाऊक असावे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने 2004 च्या आवृत्तीसाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. विरोधानंतर ती मागे घेतली गेली, पण टीका करणारे अनेक माहितीपट निवडीतच गळले. तेव्हा चित्रपटकर्त्यांनी एकत्र येऊन त्याच वेळी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' या नावाने समांतर महोत्सव भरवला. तुमच्या निवड समितीने एखादा चित्रपट नाकारला, तर तो कलादृष्ट्या कमी पडला की त्याची भीती वाटली, याचे उत्तर स्वतःशी स्पष्ट असावे.

संकलिका
अभिलेख यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. चित्रपट यूट्यूबवर आहे म्हणून तो सभागृहात दाखवण्याचा अधिकार मिळत नाही. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे असतो, त्यामुळे अलीकडचे काहीही दाखवायचे झाल्यास लेखी परवानगी घ्यावी. विद्यार्थ्यांच्या लघुपटांत तर चित्रपटसंगीत सर्रास वापरलेले असते. प्रवेशिकेच्या अर्जातच संगीताच्या हक्कांविषयी विचारावे. मुलांना त्यामुळे वाईट वाटते हे खरे, पण पुढच्या चित्रपटाला ती गावातल्याच एखाद्या संबळ वाजवणाऱ्याला विचारतात आणि चित्रपट सुधारतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

पारितोषिकांचे पन्नास हजार तीन जणांना देण्याऐवजी सर्व चौदा चित्रपटांना प्रदर्शनाचे मानधन द्यावे, असे सुचवते. माहितीपटाला 2,000 आणि लघुपटाला 1,000 रुपये धरले तर 18 हजारांत काम होते. उरलेल्या पैशांतून दिग्दर्शकांचा एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवासखर्च देता येईल. रक्कम लहान असली तरी चित्रपट दाखवणे हे काम आहे आणि त्याचे मोल आहे, हे त्यातून मान्य होते.

ग्रंथालयताई
मी आयोजकांपैकीच आहे. आमच्या बैठकीत ज्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, तो विषय इथे मांडते. धरणग्रस्तांवरचा एक चाळीस मिनिटांचा माहितीपट आमच्याकडे आला आहे. दिग्दर्शक मुंबईचा आहे आणि चित्रण सहा वर्षांपूर्वीचे आहे. त्यात एक बाई रडत रडत आपल्या नवऱ्याच्या दारूविषयी आणि कर्जाविषयी बोलतात. चित्रपट प्रामाणिक आहे. पण त्या बाई आमच्या ग्रंथालयापासून दोन-तीन किलोमीटरवर राहतात आणि त्यांची मुलगी आता आमच्याच महाविद्यालयात शिकते. दिग्दर्शकाकडे त्या वेळचे संमतिपत्र आहे. मुंबईत दाखवायला ते पुरेसे असेल. इथे, शेजाऱ्यांसमोर, तेवढे पुरेसे आहे का?

अभिलेख
माझ्या मते पुरेसे नाही. कागद कायद्यासाठी ठीक आहे, पण संमती देताना आपल्याच गावात हे दाखवले जाईल, असा विचार त्यांच्या मनात आला असण्याची शक्यता फार कमी आहे. आयोजकांपैकी कोणीतरी जाऊन त्यांना तो चित्रपट दाखवावा आणि त्यांना नकार देण्याची खरी मोकळीक असावी.

संहिता
आणि नकार आला तर तो वाद न घालता स्वीकारावा. एक चित्रपट कमी झाला म्हणून महोत्सवाचे काही अडत नाही.

पडद्यामागचा
जाताना फोनवर दाखवू नका. फोनच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा पाहणे आणि शंभर माणसांबरोबर तो दहा फुटांचा पाहणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निर्णय मोठ्या पडद्यासाठी घ्यायचा आहे, म्हणून शक्य असेल तर प्रोजेक्टर घेऊन जा.

ग्रंथालयताई
काल संध्याकाळी मी आणि दोन विद्यार्थिनी जाऊन आलो. त्यांच्या घराच्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रपट दाखवला. बाई, त्यांच्या सासूबाई, मुलगी आणि शेजारच्या दोघी जणी होत्या. जुन्या गावाच्या देवळाचे दृश्य आले तेव्हा सासूबाईंनी थांबवायला सांगितले आणि शिखरामागे दिसणारे झाड कोणाच्या परसातले, ते मुलीला सांगितले. मुलीने ते गाव कधीच पाहिलेले नाही. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाई म्हणाल्या की दारूचे तेवढे नको, बाकी सगळे दाखवा, आणि दाखवायचे तर आधी आमच्या वस्तीत दाखवा, वाईला नंतर.

दिग्दर्शकाशी फोनवर बोलले. त्यांनी ती दीड मिनिटे काढून वेगळी प्रत पाठवण्याचे मान्य केले आहे. त्यांना थोडे जड गेले, पण आढेवेढे घेतले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

कृष्णाकाठ
त्यामुळे आराखडा पुन्हा बदलला आहे. महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी, सात वाजता, पुनर्वसित वस्तीतील शाळेच्या पटांगणात हा पहिला खेळ होईल. ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद करण्याचा नियम आहे, म्हणून चित्रपट लगेच सुरू करून गप्पांना पूर्ण दीड तास ठेवला आहे. ध्वनिक्षेपकाच्या आणि कार्यक्रमाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. बांधकाम व्यावसायिकांना भेटून नम्रपणे नकार कळवला. त्यांनी नाव न घालता पाच हजार रुपये दिले आणि आमची कमाल मर्यादाही तेवढीच असल्याने आम्ही ते घेतले. आळीआळीतून वर्गणी सुरू झाली आहे, आजपर्यंत सदुसष्ट घरे झाली.

पटांगणात भिंत नाही, म्हणून कापडी पडदा शिवून घ्यायचा आहे. कोणते कापड घ्यावे आणि थंडीच्या दिवसांत सुटणाऱ्या वाऱ्याचे काय करावे?

पडद्यामागचा
जाड पांढरे सुती कापड घ्या. तकाकी असलेले नको, त्यावर उजेड चमकतो. मागे काळ्या कापडाचे अस्तर शिवून घ्या, नाहीतर निम्मा उजेड आरपार जाईल आणि चित्र फिके दिसेल. चारही कडांना हातभर अंतराने रिंगा बसवा आणि बांबूच्या चौकटीला दोरीने ताणून बांधा. वरून नुसता टांगलेला पडदा वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि चेहरे हलू लागतात. चौकटीला मागून दोन तिरके टेकू द्या. पडदा मैदानाच्या ज्या बाजूला रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत नाही तिकडे उभारा, आणि हे रात्री जाऊनच ठरवा, दिवसा कळत नाही. मी शनिवारी साताऱ्याहून येतो आहे, प्रोजेक्टर माझा आणतो. बांबू तेवढे तयार ठेवा.